जाळी तपासली, ठीक

३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

काल लेक येऊन हिला घेऊन गेली. हॉस्पिटलमधून परस्पर. म्हणे, आईला पंधरा-वीस दिवस माझ्याकडे राहू दे, तुमच्या त्या स्वयंपाकघरात लगेच नको. 'तुमच्या त्या' हे शब्द मी लक्षात ठेवले आहेत.

मुद्दा एवढाच आहे की गॅसवरच्या चिमणीची जाळी साफ करायची आहे. छातीच्या डॉक्टरांनी बजावलं, हिच्या फुप्फुसांना आता धूर अजिबात चालणार नाही, चिमणी नीट ओढत असेल तरच पेशंटला घरी न्या. वीस तारखेला लेक हिला आणून सोडणार. म्हणजे हातात सतरा दिवस. काम अर्ध्या दिवसाचं.

डॉक्टरांनी आधी हिला विचारलं होतं, घरी चुलीवर स्वयंपाक करता का. मला हसू आलं. मी खिशातून चिमणीचं कार्डच काढून त्यांच्यापुढे ठेवलं. एकोणतीस वर्षं कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली आहेत, घरातल्या प्रत्येक यंत्राला माझं कार्ड आहे. तारीख, शेरा, निकाल, सही. दर तीन महिन्यांनी. डॉक्टरांनी कार्ड बराच वेळ वाचलं, पुढून आणि मागून. मग हिच्याकडे पाहिलं. मग मला विचारलं, या सह्या तुमच्या? म्हटलं, छत्तीसच्या छत्तीस माझ्या. त्यांनी कार्ड परत माझ्या हातात दिलं. इतकी शिस्त त्यांनी कुठे पाहिली नसावी.

४ फेब्रुवारी

जाळी साफ करण्याचा आराखडा केला. सात टप्पे. लाल पेनने रेघा. पहिला टप्पा, निरीक्षण, आजच उरकला. खालून पाहिली. तशी बरी दिसते. चष्मा लावला नव्हता.

गारठा आहे. तपकिरी स्वेटर पुन्हा शोधला. सात-आठ वर्षं झाली, सापडत नाही. मेहुण्यावरचा संशय कायम. त्या हिवाळ्यात तो चार दिवस राहून गेला होता आणि जाताना त्याची बॅग फुगलेली होती.

५ फेब्रुवारी, दुपारी

जाळीला हात लावला नाही. स्क्रूड्रायव्हर सापडेना.

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, ते कार्ड कुठे आहे? म्हटलं, होतं तिथेच टांगलंय, कपाटाच्या दाराला आतून. म्हणाली, वाचा जरा. म्हटलं, मीच लिहिलंय ते, मी काय वाचू? ती म्हणाली, सगळं तुम्ही लिहिलेलं नाही.

पोरीला पद्धत माहीत नाही. शेऱ्याचा रकाना यंत्र वापरणाऱ्याचा असतो, म्हणजे हिचा. घरात पहिल्यापासून नियम आहे, यंत्राबद्दल तोंडी कुरकुर चालणार नाही, काय ते शेऱ्यात लिहायचं. आणि तपासनीसाने शेरा आधी वाचायचा नसतो, मन कलुषित होतं. आधी स्वच्छ मनाने तपासायचं, सही करायची, मग सवडीने शेरा बघायचा. याच पद्धतीने काम केलं म्हणून एकोणतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही तक्रार वर गेली नाही.

तपासणी म्हणजे दर वेळी खोलून बसणं नव्हे. अनुभवी माणसाला आवाजावरून कळतं. चिमणीचा आवाज दणदणीत आहे.

६ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

स्टूलवर चढलो. जाळीची खिट्टी सरकेना. ताकद लावली. खिट्टी तुटून हातात आली. हलका माल.

जाळी खाली आली ती तेलासकट. घट्ट, मधासारखं, तपकिरी. कोपरापर्यंत ओघळ गेला. बोटं एकमेकांना चिकटली. जाळीची छिद्रं दिसतच नाहीत, बोटाने खरवडलं तर मेणासारखा थर निघतो. एवढं तेल आलं कुठून? ही स्वयंपाकात तेलाचा हात सैल सोडते, हे मी पूर्वीच म्हणत होतो.

लेकीला कळवलं, काम निम्मं झालं.

७ फेब्रुवारी

साबण, लिंबू, गरम पाणी. काही उपयोग नाही. हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि कॉस्टिक सोडा मागितला. दुकानदार म्हणाला, काका, जाळी ॲल्युमिनियमची असेल तर चुकूनही यात घालू नका. मी म्हटलं, स्टीलची आहे. तो म्हणाला, बहुतेक ॲल्युमिनियमच्याच असतात हो. मी म्हटलं, धातू तपासण्यात हयात गेली माझी. तो म्हणाला, बरं, तुमची मर्जी.

घरी येऊन तरी खात्री केली. चुंबक लावलं. चिकटलं नाही. उत्तम प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे स्टील, आणि तेही उंची. हातच्या काकणाला आरसा कशाला?

८ फेब्रुवारी, सकाळी ९.००

बाथरूममध्ये प्लास्टिकचा टब. पाणी, कॉस्टिक, जाळी. घालताक्षणी फसफसायला लागलं! बुडबुडे, वाफ, टबाला हात लावला तर गरम. वर्षानुवर्षांच्या घाणीला कशी पळता भुई थोडी झाली. इतकं समाधान निवृत्तीनंतर प्रथमच. मनगटावर थोडं उडालं, लाल चट्टा आहे, किरकोळ.

हिला फोन करून तो आवाज ऐकवला. ती म्हणाली, अहो, खिडकी उघडा आणि बाहेर या आधी. हिला काळजीचं निमित्तच लागतं.

हिचा फोन मात्र आता चांगला लागतो. आधी दर दोन शब्दांनी तुटायचा. आज सलग चार वाक्यं ऐकू आली. लेकीकडे नेटवर्क बरं असावं.

१२.३० — अजून फसफसतंय. उद्यापर्यंत राहू देतो. जितकं मुरेल तितकं बरं.

९ फेब्रुवारी

जाळी काळी पडली आहे. मधोमध तळहाताएवढं भोक. बाकीची उचलली तर ओल्या पापुद्र्यासारखी लोंबते. टबाच्या तळाशी राखाडी गाळ. तो गाळ म्हणजे जाळीच असावी.

हा कंपनीचा दोष. स्टील म्हणून ॲल्युमिनियम गळ्यात मारलं.

लेकीने विचारलं, झाली का साफ? म्हटलं, तेलाचा थेंब शिल्लक नाही. हे अक्षरशः खरं आहे.

११ फेब्रुवारी

नवीन जाळी आणली. आमचं मॉडेल बंद झालंय म्हणे, पण मी जवळपासचं माप घेऊन आलो. दोन्ही बाजूंनी बोटभर फट राहते. पुठ्ठ्याची पाचर मारली. घट्ट बसली. खालून पाहिलं तर कुणाला कळणारही नाही.

चाचणी घेतली. कढईत तेल, तेलात कांदा, चिमणी पूर्ण वेगाने. आवाज फर्स्ट क्लास. पाचव्या मिनिटाला समोरचं घड्याळ दिसेनासं झालं. सातव्या मिनिटाला डोळ्यांतून पाणी, घशात काटे. खोकत खोकत दाराबाहेर आलो. खालच्या मजल्यावरच्या वहिनी धावत वर आल्या, आग लागली का म्हणून.

कांदा खराब असणार. हल्ली सगळ्यातच भेसळ.

१२ फेब्रुवारी

घसा बसलाय. दिवसभर खोकला. काल सात मिनिटं उभा राहिलो त्याचा. ही रोज किती वेळ उभी राहायची, असा एक विचार आला. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड. पण बायकांना सवय असते.

गुणाकार करायला घेतला होता. अर्धवट सोडला. आकड्यांवर आज लक्ष लागत नाही.

१३ फेब्रुवारी

जिन्यात खालच्या वहिनी भेटल्या. हिची चौकशी केली. म्हणाल्या, बिचारी रोज मधेच गॅस बारीक करून जिन्यात येऊन उभी राहायची, हातात झारा, पदर तोंडाला. म्हणाल्या, मी म्हणायचे, आत चला हो, तुमचं काहीतरी करपेल, तर म्हणायची, दोन मिनिटं श्वास घेते आणि जाते.

मला वाटायचं गप्पा मारायला जाते. एकदा त्यावरून बोललोही होतो, दार उघडं टाकून स्वयंपाकघर सोडायचं नाही म्हणून. जरा जास्तच बोललो होतो.

वहिनींना सांगितलं, चिमणीचं काम अंतिम टप्प्यात आहे.

१५ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

मेकॅनिक बोलावला. माझ्याने होत नाही म्हणून नव्हे, दुसऱ्याचं मत घ्यावं म्हणून. वर जाळी, तिच्या फटीत पुठ्ठा, हे पाहून म्हणाला, साहेब, विस्तवाच्या डोक्यावर कागद? पुठ्ठा आधी काढला. मोटर तपासली, ठणठणीत. मी म्हटलं, तेच तर सांगतोय, आवाजावरूनच कळतं. तो म्हणाला, मोटर फिरते हो, पण हवा जाते कुठे?

मग त्याने वरचा पत्रा सोडवला, धूर बाहेर नेणारा पाईप भिंतीपासून सुटा केला आणि आत हात घातला. खांद्यापर्यंत. काहीतरी ओढू लागला. येईना. पाय भिंतीला लावून ओढलं तेव्हा ते एकदम बाहेर आलं आणि तो स्टूलवरून पडता पडता वाचला.

स्वेटर. तेलाने जड झालेला, कडक. त्याने तो वर्तमानपत्रावर ठेवला आणि विचारलं, कुणाचा? मी म्हटलं, आधीच्या भाडेकरूंचा असेल. नंतर आठवलं, या घरात आधी कुणी राहतच नव्हतं. आम्हीच पहिले.

रंग तपकिरी. पण इतक्या तेलात कशाचाही रंग तपकिरी होईल. पुढची बटणं सारखी, एक मात्र वेगळं, काळं, कोटाचं. माझ्या स्वेटरलाही हिने एक काळं बटण लावलं होतं. मेहुण्याने असं का करावं, कळत नाही.

योग्य मापाची जाळी त्याच्याकडेच होती. चाळीस मिनिटांत सगळं बसवलं. जाळीखाली कागद धरला आणि हात सोडला तर कागद वरच चिकटून राहिला. म्हणाला, चिमणी अशी ओढते. मी नऊ वर्षांत हे पाहिलं नव्हतं.

हात पुसताना त्याने कपाटाच्या दाराला लावलेलं कार्ड पाहिलं. वाचत उभा राहिला. जाताना म्हणाला, बाईंना सांगा, निघाला म्हणून. कोण बाई, काय निघालं, काही खुलासा नाही. लोक आगाऊ झाले आहेत.

१६ फेब्रुवारी

हिला फोन. कागद चिकटतो हे सांगितलं. दोनदा सांगितलं. ती म्हणाली, पाईपात काय निघालं?

पाईपात काही निघालं हे मी सांगितलंच नव्हतं.

बोळा होता एक, म्हटलं. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, तुम्ही एकदा कार्ड वाचा, मग बोलू. तिचा आवाज अगदी स्वच्छ येत होता. एकदाही खोकली नाही. नेटवर्क फारच चांगलं आहे तिकडे.

१७ फेब्रुवारी

कार्ड आज वाचणार होतो. आधी स्वयंपाकघर आवरावं म्हटलं. फरशा घासल्या. डबे पुसले. डब्यांची झाकणं पुसली. झाकणांची खालची बाजू पुसली. कपाटाची सगळी दारं पुसली, एक सोडून.

चष्म्याच्या काचा साफ करायला हव्यात. उद्या.

१८ फेब्रुवारी, दुपारी ३.००

वाचलं.

पहिल्या तीन ओळी 'चालू आहे. छान.' हिचं अक्षर बारीक, पेन्सिलीचं, सरळ ओळीत. मीच सांगितलं होतं, शेरा मोजक्या शब्दांत आणि कार्यालयीन भाषेत असावा.

चौथी ओळ: 'पाईपातून थंड वारा येतो म्हणून आपण आपला तपकिरी स्वेटर आत कोंबला आहे. थंडी सरली की काढावा.' पुढे निकाल, ठीक. पुढे माझी सही.

पाचवी: 'थंडी सरली.' ठीक. सही.

सहावी: 'स्वेटर काढावा ही विनंती. धूर घरातच फिरतो.' ठीक. सही.

आठवी: 'स्वेटर.' ठीक. सही.

तेरावी: 'जाळीतून तेल टपकतं. काल आपल्या ताटात पडलं, मी ताट बदललं.' अठरावी: 'स्टूलवर चढून पाहिलं. माझा हात पोचत नाही.' एकविसावी, इथून कार्डाची मागची बाजू: 'दोन महिने खोकला आहे.' पंचविसावी: 'दम लागतो म्हणून जिन्यात उभी राहते. आपण रागावू नये.' सगळ्यांपुढे ठीक. सगळ्यांपुढे सही, आणि सहीखाली ती झोकदार रेघ जी मी कारखान्यात मारायचो.

सव्विसाव्यापासून पस्तिसाव्या ओळीपर्यंत नुसतं 'काही नाही.' दहा वेळा. अडीच वर्षं.

छत्तिसावी ओळ नोव्हेंबरची. हिने एक छोटा चौकोन काढला आहे, पट्टीने, चारी बाजू सारख्या. त्याच्यापुढे लिहिलंय, 'वरील शेरे वाचले असल्यास चौकोनात खूण करावी.' चौकोन रिकामा. पुढे ठीक. पुढे सही.

हिने तोंडाने एकदा सांगायला काय हरकत होती? एवढं वाक्य लिहिलं आणि थांबलो. सांगितलं होतं. आता आठवतंय. गॅसपाशी उभं राहून सांगायला लागली होती आणि मी पेपरामागूनच म्हटलं होतं, तोंडी नको, शेऱ्यात लिही.

डॉक्टरांनी वाचलं. लेकीने वाचलं. काल आलेल्या मेकॅनिकने हात पुसता पुसता वाचलं. काल नाही, परवा. नाही, पंधराला. मी माझ्या हाताने ते कार्ड खिशात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेलो आणि पाठ थोपटून घ्यायला त्यांच्यापुढे ठेवलं. ही शेजारच्या खुर्चीत बसली होती, नाकाला नळी.

मला लाज वाटते. आराखड्यात यासाठी टप्पा नाही.

१९ फेब्रुवारी

बैल गेला आणि झोपा केला असं कुणी म्हणेल. पण बैल गेलेला नाही. ही उद्या येते आहे. यापुढे कार्डं बंद. जे असेल ते तोंडी. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः विचारणार. स्वयंपाकही निम्मा मी करणार, निदान परतणं-तळणं. हिची खुर्ची खिडकीपाशी लावली आहे.

स्वेटर तीनदा धुतला. पाणी तपकिरीच येतं.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५

दहा वाजल्यापासून तयार होतो. दुपारी लेकीचा फोन आला. आई येत नाही म्हणाली. म्हटलं, आज नाही जमत का? ती म्हणाली, आजचं नाही बोलत मी, बाबा.

मग फोन हिने घेतला. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. म्हणाली, इथे रात्रभर आडवं पडून झोप लागते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, डॉक्टर म्हणतात गेलं ते भरून येणार नाही, आहे ते सांभाळायचं, मग इथेच सांभाळते. म्हणाली, कपाटात खालच्या खणात शाल आहे, ती पांघरा, स्वेटर काही आता स्वच्छ निघायचा नाही. मी म्हटलं, चिमणी आता उत्तम ओढते. ती म्हणाली, बरं झालं, तुम्हाला उपयोगी पडेल.

मी सांगितलं, शेरे वाचले. तिने विचारलं, सगळे? म्हटलं, सगळे. बरं, म्हणाली, आणि जेवून घ्या म्हणाली.

कार्ड काढलं. चौकोनात खूण केली. पुढे आजची तारीख घातली. खालच्या नव्या ओळीत सवयीने 'ठीक' लिहायला हात गेला. लिहिलं नाही.

एक अंडं तळलं. धूर सगळा वर गेला. घरात कसलाही वास राहिला नाही.